मदत हवी: सगळ्यात ताकदवान बुद्धिबळ प्रोग्राम कोणता, ठरवायचं कसं?

देवगडकर: स्टॉकफिश आणि लीला हे दोन प्रोग्राम रात्रभर एकमेकांशी खेळवले. एका रात्री लीला सपाटून हरली, दुसऱ्या रात्री जवळजवळ बरोबरी. नेटवरच्या रेटिंगच्या याद्यांत प्रत्येकाचे आकडे वेगळे. पुतणीच्या तयारीसाठी एकच ठेवायचाय. कोणता? लवकर सांगा.

मालवणी_घोडा: लॅपटॉप खंयचो ता आधी सांग. ग्राफिक्स कार्ड आसा काय? कार्डाशिवाय लीला मागेच पडतली.

रत्नागिरीचं_प्यादं: स्टॉकफिश घ्या. फुकट आहे, विषय संपला.

कुडाळचा_उंट: संपला कसा? २०१७ मध्ये गूगलच्या अल्फाझीरो प्रोग्रामने स्टॉकफिश ८ विरुद्ध १०० पैकी २८ डाव जिंकले, ७२ बरोबरीत, हार एकही नाही. लीला त्याच पद्धतीची आहे, स्वतःशी डाव खेळून शिकलेल्या न्यूरल नेटवर्कवर चालणारी.

रत्नागिरीचं_प्यादं: त्या सामन्यात चालीला ठरावीक एक मिनिट होतं. कठीण जागी जास्त वेळ द्यायचं स्टॉकफिशचं कौशल्य वायाच गेलं. हार्डवेअरही वेगळं. आणि २०२० पासून स्टॉकफिशमध्येही न्यूरल नेटवर्क आहे, ते कुठे मोजलंत?

कुडाळचा_उंट: नंतर तीन-तीन तासांचे १००० डावही झाले. अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ हरले. तिथे वेळेची सबब चालत नाही.

दापोलीची_मावशी: मुलीला आधी लाकडी पटावर बसवा हो. स्क्रीनने डोळे जातात. सावंतवाडीला लाकडाचं काम सुरेख मिळतं.

गुहागर_एंडगेम: देवगडकर, डाव किती झाले? ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, कोणती दिलीत? तगडे प्रोग्राम मूळ मांडणीतून खेळले की बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. म्हणून टीसीईसी या प्रोग्रामांच्या स्पर्धेत मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंग देतात आणि रंग बदलून त्याच पुन्हा खेळवतात. स्टॉकफिशमधला बारीकसा बदल तपासायलाही हजारो डाव लागतात. शंभर डावांत तीसेक एलोचा (रेटिंगच्या गुणांचा) फरक निव्वळ नशिबानेही दिसतो. याद्यांचं म्हणाल तर प्रत्येकाचं यंत्र वेगळं, वेळ वेगळी, प्रतिस्पर्धी वेगळे. एका यादीतला आकडा दुसरीत लावू नका, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, माणसांच्या रेटिंगशी तर नाहीच.

देवगडकर: डाव मोजले नाहीत. कार्ड नाही, साधा लॅपटॉप. चालीला एक सेकंद. ओपनिंग काही दिली नव्हती. पण कोणता ठेवू?

मालवणी_घोडा: कार्ड नाय! सांगलंय ना मी.

गुहागर_एंडगेम: मग लीलाचा खरा जोर तुम्ही पाहिलेलाच नाही. तुमच्या यंत्रावर स्टॉकफिशच ठेवा, माणसाला हरवायला दोन्ही केव्हाच पुरून उरलेत. आता सांगा, पुतणी त्याच्याशी खेळणार की हरलेले डाव तपासणार? तपासणार असेल तर एकावेळी तीन-चार चाली दाखवायची सोय चालू करा.

रत्नागिरीचं_प्यादं: मी पहिल्याच ओळीत स्टॉकफिश म्हटलं होतं.

कुडाळचा_उंट: कार्ड असतं तर?