गावरान कोंबडी आणि मानमोडी

काहीजण म्हणतात की गावरान कोंबडी काटक, तिला लस कशाला. काटक आहे हो, पण मानमोडी या रोगापुढे नाही. (सरकारी कागदावर हिचंच नाव राणीखेत.) आमच्या मावशीच्या खुराड्यात सोमवारी एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) मान वाकडी करून गोल गोल फिरत होती, हगवण हिरवी, पातळ. शनिवारपर्यंत बावीसातल्या तीन उरल्या. ती तलंग आठवडी बाजारातून आणून थेट बाकीच्यांत सोडलेली. नवा पक्षी किमान दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावा आणि त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करावं.

लशीची खरी अडचण किमतीची नाहीच. कुपी निदान शंभर पक्ष्यांची, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, तोवर बर्फात. दहा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून आम्ही आता अख्ख्या वाडीचा एकच दिवस ठरवतो, तोही उजाडायच्या आत, कोंबड्या खुराड्यात असतानाच. नाहीतर बसा पळत त्यांच्यामागे! पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लशीचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही दुसरी लस पंखाखाली टोचायची. आजारी पक्ष्याला लस देऊ नका, आणि मेलेला ओढ्यात न फेकता चुना टाकून खोल पुरा.