छोट्या विमानतळाचा आवाज सरासरीत मोजायचा का?

अनुजा_बेएरिया: आमचं घर कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या विमानतळाच्या सर्किटखाली आहे. शिकाऊ वैमानिक सेसना १७२ची चाकं धावपट्टीला टेकवतात, लगेच उडतात, वळसा घालून परत आमच्या छतावर. शनिवारी पोहे करता करता मोजलं, तासात एकोणीस फेऱ्या! पुण्याहून आलेल्या आईनं अंगणात चहा प्यायचं सोडलंय. तक्रार केली तर उत्तर आलं, ६५ डेसिबल भरत नाहीत.

हे ६५ म्हणजे २४ तासांची सरासरी. रात्री १० ते सकाळी ७ पर्यंतच्या आवाजाला १० डेसिबल जादा धरतात, आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळी ७ ते १० च्या आवाजाला सुमारे ५, बस. एका फेरीचा एकूण आवाज (एसईएल) ८० डेसिबल धरा. दिवसभरात अशा १०० फेऱ्या झाल्या तरी सरासरी येते ५०.६. पासष्ट गाठायला सुमारे २,७५० फेऱ्या हव्यात! अशा मोजमापात आमचा त्रास दिसणार तरी कसा?

विनय_वैमानिक: अनुजाताई, त्रास खराच आहे. पण सरासरी सोडून धरायचं काय? फोनवरचं मीटर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्रही मोजतं. वर्षाला ९०,००० प्रोपेलर किंवा ७०० जेट उड्डाण-उतरणींच्या आत असलेल्या छोट्या विमानांच्या विमानतळाला नव्या प्रकल्पासाठी एफएए (अमेरिकेची विमानवाहतूक यंत्रणा) ध्वनिअभ्यास मागत नाही, कारण तेवढ्यात ६५ची रेषा, म्हणजे नकाशावर ६५ डेसिबल सरासरी जिथपर्यंत पोचते ती हद्द, फार लांब जात नाही. आणि शिकणाऱ्यांनी सराव करायचा कुठे?

मंदार_के: विनय, ते ९०,००० मोजले कुणी? टॉवर नसेल तिथे बहुतेक वेळा आकडा अंदाजानंच भरतात. त्यावर आवाजाचं संगणकी मॉडेल, मॉडेलवर रेषा. २०२०पासून अमेरिकेत बऱ्याच हवाई हद्दीत एडीएस-बी (विमानानं आपली जागा आणि उंची सतत प्रसारित करणारं यंत्र) सक्तीचं आहे. कुठलं विमान किती उंचीवरून गेलं ते त्यात दिसतं. ते का वापरत नाहीत?

विनय_वैमानिक: वापरावं, माझी ना नाही. पण एडीएस-बी मार्ग दाखवतं, आवाज नाही. आवाजाला मॉडेल लागणारच. नाहीतर ज्याची तक्रार मोठी त्याचा विमानतळ बंद.

अनुजा_बेएरिया: बंद करा असं मी कुठे म्हटलं? कुठल्या घरावरून, किती वाजता, ६५ डेसिबलच्या वर किती वेळा, एवढं सरासरीच्या शेजारी छापा. सर्किटची दिशा अधूनमधून बदला, म्हणजे सगळा भार एकाच गल्लीवर पडणार नाही. मंदार, ते मार्ग उतरवून कसे घ्यायचे सांगाल? या शनिवारी सातपासून वही घेऊन बसतेय.