काळ्या जमिनीवर नऊ कुटुंबांची एकत्र वस्ती: भिंत, चौक आणि पाणी यांविषयी

प्रश्न (अंबाजोगाई)

आम्ही नऊ कुटुंबांनी मिळून गावाबाहेर 40 गुंठे जमीन घेतली असून अकृषिक परवानगीही हाती आली आहे. प्रत्येकाची चूल वेगळी राहील, परंतु घरे एकमेकांकडे पाठ फिरवून उभी राहू नयेत, अशी सर्वांची मनापासून इच्छा आहे. आमच्यापैकी बहुतेकांचे बालपण माळवदाच्या (लाकडावर मातीचे थर दिलेल्या सपाट छताच्या) वाड्यांत गेले. ढाळजेत (मुख्य दरवाजालगतच्या बैठकीत) बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घरात पाऊल ठेवता येत नसे, आणि उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका आमच्याच ओसरीवर शेवया करत. मात्र किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतीची धास्ती बसली आहे, आणि नुसते काँक्रीटचे घर मे महिन्यात रात्रीही निवत नाही. भिंती आणि छत कशाचे करावे, तसेच चौक आणि पाणी सामाईक ठेवताना पुढे तंटे होऊ नयेत म्हणून काय आखणी करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (स्थापत्य अभियंता, लातूर)

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे दगडाने माणसे मारली असे सर्रास म्हटले जाते, पण दोष बांधणीचा होता. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाचे दगड मातीत रचलेले, मधला भाग गोट्यांनी भरलेला, दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेल्याने माळवद जड झालेले. हादरा बसताच भिंतीचे पदर सुटले आणि ते सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. माळवदाचा गारवाही त्याच जाडीतून येत होता, म्हणून गारवा ठेवून वजन उतरवणे हे आजचे खरे काम आहे.

रॅट-ट्रॅप पद्धतीच्या वीटभिंतीचा विचार करावा. यात विटा कडेवर उभ्या रचल्याने भिंतीत पोकळी राहते, सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि अडकलेल्या हवेमुळे बाहेरचा ताप आत यायला वेळ लागतो. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. आपल्या भागात मात्र जोते, लिंटल (दारे-खिडक्यांच्या माथ्याची पातळी) आणि छत या तिन्ही पातळ्यांवर काँक्रीटचे सलग पट्टे आणि कोपऱ्यांतील पोकळीतून उभ्या सळया घातल्याशिवाय ती वापरू नये. स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात द्यावा.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे तिचे ब्लॉक करू नयेत आणि तिच्यावर पायाही टेकवू नये. चाचणीचे खड्डे घेऊन मुरूम किती खाली आहे ते पाहावे. तो फार खोल निघाल्यास अंडर-रीम्ड पाइलचा (जमिनीत खोलवर जाणाऱ्या, तळाशी फुगीर काँक्रीट खांबांचा) खर्च आताच धरावा.

उत्तर (निवृत्त शिक्षक, पुनर्वसित गाव, औसा तालुका)

भूकंपानंतर 50हून अधिक गावे नव्या जागी वसली, त्यांपैकी एका गावात मी राहतो. घर पक्के मिळाले, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण रस्ते रुंद, घरे सुटी आणि सरळ रांगेत, त्यामुळे जुन्या गल्लीत शेजारणीला नुसती हाक मारली तरी पीठ-मीठ मिळत असे, ते इथे भर उन्हात चालत जाऊन मागावे लागू लागले आणि हळूहळू मागणेच थांबले. माझ्या आईला हे फार लागले. ती शेवटपर्यंत संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची, पण समोरचे दार ओळख पटणार नाही इतके लांब होते. पुढे लोकांनी आपापल्या खर्चाने ओटे बांधले, पत्र्याची पडवी काढली, तेव्हा कुठे माणसे पुन्हा बाहेर बसू लागली. म्हणून कळकळीने सांगतो, चौक मोठा ठेवण्याचा मोह टाळा, आणि प्रत्येक घराचा ओटा चौकाकडेच असू द्या.

उत्तर (वास्तुविशारद, छत्रपती संभाजीनगर)

गुरुजींच्या अनुभवाला नवी मुंबईतील एक उदाहरण पुष्टी देते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात बेलापूरला केलेल्या वसाहतीत साधारण सात घरे मिळून सुमारे 8 मीटर लांबी-रुंदीचे एक छोटे अंगण आहे, आणि अशी तीन अंगणे मिळून थोडा मोठा चौक. तुम्ही चार आणि पाच घरांचे दोन गट करून मध्ये एक मोठी जागा ठेवावी. तिथे रोजचे काही काम असले पाहिजे: पाण्याचे टाके, वाळवणाचा कट्टा, लिंबाखाली पार. केवळ शोभेच्या लॉनवर कोणी फिरकत नाही.

पाण्याचा हिशेब असा. नऊ घरांचे मिळून 750 चौरस मीटर छत आणि 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर गळती वजा जाता सुमारे 4 लाख लिटर पाणी मिळते. 40 माणसांना पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी 10 लिटर धरले तर 1 लाख लिटरचे झाकलेले टाके आठ महिने पुरेल. उरलेले पाणी गाळून विहिरीत किंवा बोअरमध्ये मुरवावे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे ध्यानात ठेवून टाक्याचा खर्च घरांच्या आधी बाजूला काढावा. टाके, पंप आणि चौक यांची मालकी सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे ठेवा आणि घर विकताना नव्या सभासदावरही तेच नियम राहतील असे लेखी करा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मतभेद एकाच गोष्टीवर आहे: दोन कुटुंबांना चारचाकी दाराशी हवी आहे.

वास्तुविशारद

गाड्या रस्त्यालगत एका शेडखाली ठेवाव्यात. आजारी माणसाला नेण्यापुरती साडेतीन मीटरची फरसबंद वाट प्रत्येक दारापर्यंत काढावी, आणि एरवी तिच्या तोंडाला साखळी लावावी.