मदत हवी आहे: पोषण आहारातल्या उरलेल्या खिचडीचं खत

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. ‘झाडे लावा, झाडे जगवा’च्या पाट्या रंगवून मुलं कंटाळलीत (खरं तर मीही). म्हणून शालेय पोषण आहारातलं उरलेलं अन्न रोज मोजायचं, त्याचं खत करायचं आणि ते शाळेच्या परसबागेतल्या मेथी-वांग्यांना घालायचं, असं सुरू केलंय. वजनाचा तक्ता मुलंच ठेवतात, गणितातली सरासरीही त्यातच उरकते.

अडलंय ते खतापाशी. खिचडीत तेल-मीठ असतं, त्यामुळे ती थेट गांडुळांना चालत नाही. आधी सुका पाला मिसळून खड्ड्यात कुजवतो, पण पावसात पाला भिजतो, हवा खेळत नाही आणि वास सुटतो. स्वयंपाकाच्या मावशी आता नाक मुरडायला लागल्यात.

पाल्याऐवजी लाकडाचा भुसा किंवा उसाचं पाचट कुणी वापरलंय का? अन्नाशी प्रमाण किती ठेवता? पाचट कुजवायला शेतकरी युरिया टाकतात, पण इथे नत्र खिचडीतल्या डाळीतूनच मिळेल, तेव्हा तो सल्ला नको. आणि दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे खड्ड्याकडे बघतं कोण?