परग्रहावरच्या सत्ताधीशाने स्वतःला ‘आम्ही’ म्हणावं का?

प्रश्न : वर्सोव्याला आमच्या वाचनालयात मुलांना ‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथांच्या जुन्या मालिकेतला ‘द कॉर्बोमाइट मॅन्युव्हर’ हा भाग मराठीतून सांगायचा आहे. ‘फ्लॅगशिप’साठी कुणी ध्वजनौका सुचवतं, कुणी अग्रनौका. आणि त्या यानावरच्या परग्रही बॅलॉकला काय म्हणू? सम्राट, शासक, की सरळ कमांडर?

उत्तर : ताई, ‘सम्राट’ नको. बॅलॉक कुठल्या गादीचा वारस नाही, ‘पहिला महासंघ’ नावाच्या परग्रही सत्तेच्या फेसेरियस या यानाचा प्रमुख आहे. ‘शासक’ हिंदी बातम्यांसारखा वाटतो. तुमच्याकडे कोळीवाड्यातली मुलं येत असतील तर बिनधास्त ‘नाखवा’ म्हणा. होडी ज्याची आणि होडीवर शब्द ज्याचा, तो नाखवा. मूळ फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. ‘तांडेल’ म्हटलंत तर हाताखाली खलाशी आलेच, आणि या गोष्टीतली गोम नेमकी तिथेच आहे.

‘ध्वजनौका’ बरोबर आहे, पण तोंडी सांगताना ‘निशाणाचं जहाज’ म्हणा, लगेच कळेल. अग्रनौका म्हणजे नुसती पुढे चालणारी.

नावापेक्षा सर्वनाम मात्र जपून निवडा. इंग्रजीत एकच ‘वुई’ आहे, आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन, आणि ही गोष्ट त्या दोघांच्या मधून जाते. फेसेरियस म्हणजे मैलभर व्यासाचा चकाकता गोळा. तो माणसांच्या एंटरप्राइझ या यानासमोर येतो, पडद्यावर एक भेसूर चेहरा दिसतो आणि नाशापूर्वी तयारीसाठी दहा मिनिटं देतो. तो बोलतो ‘वुई’ वापरून. इथे ‘आम्ही तुम्हांला दहा मिनिटं देत आहोत’ असंच हवं. राजेलोकांचा ‘आम्ही’ मुलांनी ऐतिहासिक मालिकांमधून ऐकलेला असतो, त्यामुळे दरारा आपोआप येतो. शिवाय त्या ‘आम्ही’मागे मोठं सैन्य असेल असंही वाटतं.

पुढे एंटरप्राइझचा कॅप्टन कर्क, डॉक्टर मॅकॉय आणि तरुण अधिकारी बेली हे तिघं त्या गोळ्यातून निघालेल्या बॅलॉकच्या छोट्या यानात जातात. छत इतकं बुटकं की वाकूनच उभं राहावं लागतं. तो भेसूर चेहरा बाहुल्याचा निघतो. खरा बॅलॉक लहान मुलाएवढा, एकटा, सगळा डोलारा एकहाती चालवणारा. तो हसून पाहुण्यांपुढे त्रान्या नावाचं पेय ठेवतो. इथून त्याने ‘मी’ म्हटलंच पाहिजे. ‘आम्ही’ सुटून ‘मी’ आला की कळणाऱ्याला तेवढ्यातच कळतं, वेगळं निवेदन नको.

शेवटी तो कर्कला सांगतो की आपले दोघांचे विचार सारखे आहेत. तिथे ऐकणाऱ्याला सामावून घेणारा ‘आपण’ लागतो. आम्ही, मी, आपण अशी ही चढण मूळ संवादात इतकी स्पष्ट नाही, मराठीत मिळते. ती घालवू नका, ही कळकळीची विनंती.

एक खबरदारी. मुंबईत ‘आपण नाय जाणार’ म्हणजे ‘मी नाही जाणार’. आणि औपचारिक बोलण्यात ‘आपण बसावं’ म्हणजे ‘तुम्ही बसा’. म्हणून नुसतं ‘आपण’ न म्हणता ‘आपण दोघं’ म्हणा, गोंधळ टळेल.

प्रश्न : पटलं. छोटं यान एंटरप्राइझला ओढत नेतं, त्याला ‘कर्षण’ म्हणू का? आणि बॅलॉक कर्कला तू म्हणेल की तुम्ही?

उत्तर : कर्षण पाठ्यपुस्तकात राहू दे. बंदरावर बंद पडलेली बोट ‘टो करून’ आणतात, तेच म्हणा.

‘तुम्ही’च, धमकीतसुद्धा. ‘तू’ने तो गल्लीतला दादा वाटेल. ‘तुम्ही’त जो थंडपणा आहे तो दहा मिनिटांच्या मुदतीला शोभतो, आणि पुढे त्रान्या देताना तोच ‘तुम्ही’ यजमानाचा होतो. कर्क बेलीला मात्र ‘तू’ म्हणेल, कारण तो हाताखालचा कोवळा पोरगा आहे, संकटात घाबरून ओरडलेला. तोच शेवटी बॅलॉकसोबत राहायला तयार होतो. तिथे बॅलॉक त्याला काय म्हणेल हे मुलांनाच विचारा. माझं मत ‘तू’कडे झुकतं, कारण बॅलॉकला सोबतीच हवा होता.