मोठ्या जातीचं पिल्लू गुटगुटीत असूच नये

हाडकुळे

ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड. यातलं कुठलंही पिल्लू घरी आलं की बघायला येणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले. "वजन किती झालं?" आणि "कॅल्शियम सुरू केलं का?" पिल्लू सडसडीत दिसलं तर मालकाला वर उपदेशही मिळतो.

माझं मत सरळ आहे: मोठ्या जातीचं पिल्लू पहिलं वर्ष-दीड वर्ष बारीकच ठेवावं, आणि कॅल्शियमची बाटली घरात आणूच नये.

ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः साधारण अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि दीड वर्षात पन्नास किलोच्या पुढे जातं. त्याच्या लांब हाडांच्या टोकांशी ग्रोथ प्लेट म्हणजे कूर्चेचे मऊ पट्टे असतात. ते पूर्ण भरून यायला मोठ्या जातींत वर्ष, कधी त्याहून जास्त काळ जातो. तोवर अंगावर चढलेला प्रत्येक जादा किलो त्या कच्च्या सांध्यांवर येतो. कुत्रा शेवटी किती उंच होणार हे मुख्यतः जनुकं ठरवतात. भरमसाट खाऊ घालून तो जास्त उंच होत नाही, त्याच उंचीला फक्त लवकर पोचतो, आणि घोळ त्या घाईत होतो.

कॅल्शियमचं म्हणाल तर वयानं मोठा झालेला कुत्रा आतड्यातून गरजेपुरतं कॅल्शियम शोषून घेतो, बाकीचं बाहेर टाकतो. लहान पिल्लाला, साधारण सहा महिन्यांपर्यंत, ते नीट जमत नाही. पोटात गेलेल्यातलं बरंचसं आत शिरतंच. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं गेलं. जादा कॅल्शियमवर वाढलेल्या पिल्लांच्या हाडांची आणि कूर्चेची वाढ बिघडली.

निवडीबद्दल एवढंच, की वेतातलं सगळ्यात दांडगं पिल्लू उचलायचा मोह टाळा. बाकी जाणकारांनी भर घालावी.

चुलीजवळचा

कॅल्शियमबद्दल सहमत, बाकी असहमत. या लेखाचा शेवट 'अमुक तयार खाद्याचं पाकीट आणा' असा होणार हे दिसतंच आहे. कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षं राहतोय आणि पाकिटं आली परवा. मांस, अंडी, उकडलेली भाजी दिली तर काय बिघडतं? निदान आपण काय घालतोय ते डोळ्यांना तरी दिसतं. पाकिटामागचं ते बारीक अक्षर वाचून कुणाला काय कळतं?

हाडकुळे

हजारो वर्षं जे कुत्रे राहिले त्यांत साठ किलोचे किती होते? आणि जे जगले नाहीत त्यांची नोंद कोण ठेवतं?

घरच्या खाण्याला माझा तात्त्विक विरोध नाही, अंदाजपंचे खाण्याला आहे. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. पिल्लाला दोन्हींचं प्रमाण एकास एक ते दोनास एक या दरम्यान लागतं. फक्त मांसावर वाढलं तर शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते काढून घेतं, आणि मग साध्या उडीनं हाड मोडतं. म्हणजे जादा कॅल्शियमही वाईट आणि कमीही वाईट. ही मधली वाट डोळ्यांनी दिसत नाही हो, भाजी कितीही ताजी असली तरी.

डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्क्यांत किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता. आणि त्या प्रौढ कुत्र्यांच्या पाककृती होत्या. पिल्लाचं गणित त्याहून अवघड.

वंशावळ

तुमचं दोघांचं चालू द्या. पण खुबे बिघडतात ते मुळात रक्तातून. हिप डिसप्लेजिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, अनुवंशिक आहे. ताटात काय आहे यावर पानंच्या पानं लिहायची आणि निवडीला शेवटचं एक वाक्य, हे उलटं झालं.

पिल्लू बघायला जाता तेव्हा पिल्लाकडे कमी आणि कागदांकडे जास्त बघा. आई-बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, कोपरांचेही मागा. अमेरिकेतली ओएफए ही संस्था १९६६ पासून हे काम करते आणि खुब्यांचं अंतिम प्रमाणपत्र कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय देत नाही. तेव्हा ब्रीडर सांगतो की बाप सव्वा वर्षाचा आहे आणि 'हिप्स एकदम क्लिअर', तर एवढंच विचारा, कुणी दिलं आणि कधी? पेनहिप नावाची दुसरी पद्धत १६ आठवड्यांपासून करता येते, पण तिचाही कागद असतोच. कागदावरचा मायक्रोचिप नंबर कुत्र्याच्या चिपशी जुळवून घ्या. 'आमच्याकडे आजवर कुणाची तक्रार नाही' हे प्रमाणपत्र नव्हे.

आईला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. आई गुरगुरत कोपऱ्यात दबली असेल तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी परत फिरा. उलट सात आठवड्यांच्या पिल्लाला पाठीवर उताणं धरून 'हे दबंग, हे गरीब' असं ठरवणाऱ्या चाचण्यांवर माझा विश्वास नाही. त्या वयात दिसलेला स्वभाव मोठेपणी तसाच राहील याचा काही भरवसा नसतो.

कंपाउंडर

दवाखान्यात काम करतो, डॉक्टर नाही, हे आधी सांगतो.

वंशावळ यांचं निवडीबद्दलचं सगळं पटतं, पण 'मुळात रक्तातून' एवढ्यावर थांबता येत नाही. ४८ लॅब्राडॉरचा प्रसिद्ध अभ्यास आहे, २००२ मध्ये छापून आला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या केल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. तेही थोडे दिवस नाही, जन्मभर. आई-बाप तेच. तरी कमी खाणाऱ्यांत खुब्यांचा त्रास कमी आणि उशिरा दिसला. त्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते, १३ वर्षं, तर भरपेटवाल्यांचं ११.२. बंदूक रक्तानं भरलेली असेलही, पण चाप बऱ्याचदा ताट ओढतं.

चुलीजवळचा

हा अभ्यास कुणी केला तेही सांगा की. प्युरिनानं. खाद्य विकणाऱ्या कंपनीनं!

हाडकुळे

हो, आणि निष्कर्ष काय निघाला? खाद्य कमी घाला. विकणाऱ्यानं स्वतःच्या खर्चानं 'आमचा माल कमी वापरा' म्हटलं तर मी तरी ऐकतो.

मायाळू

तुम्ही सगळे टक्केवारीत बोलताय. ते पिल्लू भांडं चाटून पुसून स्वच्छ करतं आणि मग माझ्याकडे बघत बसतं. भूक लागलेल्या जिवाला मोजून घालायचं, हे मला जमत नाही. पोटभर खाल्लं की ते आपणच थांबेल ना?

कंपाउंडर

मायाळू ताई, लॅब्राडॉर असेल तर बहुधा नाही थांबणार. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चौथा हिस्सा लॅब्राडॉरांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. ती कुत्री खाण्यामागे जास्त लागतात. त्या बघण्यावरून भूक मोजायला गेलात तर भांडं कधी रिकामं राहणारच नाही.

डोळ्यांऐवजी हात वापरा. आपला एक पंजा पालथा धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं बोटांच्या हाडांवरून, पंजाच्या मागच्या बाजूनं फिरवा. हाडं लागतात, पण वर पातळ आवरण आहे. पिल्लाच्या फासळ्या अशा लागायला हव्यात. आता पंजा उलटा करून तळहातावर तसंच करा. फासळ्या अशा दबलेल्या लागल्या तर खाणं कमी करायचं. मूठ वळून गाठींवरून बोट फिरवा. असं टोचलं तर वाढवायचं. वरून पाहिलं तर फासळ्यांमागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. आठवड्यातून एकदा करा. बक्षिसाचे तुकडेही त्या दिवसाच्या मापातूनच काढा, हे सगळ्यांत जास्त विसरलं जातं.

आळशी_उंट

मला तर 'तीन महिन्यांनंतर मोठ्यांचंच खाद्य घाला, प्रोटीन कमी असतं, वाढ सावकाश होते' असं सांगितलं गेलंय. शिवाय ग्रेट डेनला स्टँडवर उंच भांडं लावायचं, म्हणजे पोट फुगत नाही.

हाडकुळे

दोन्ही सल्ले सोडून द्या. प्रोटीनवरही उट्रेख्तला ग्रेट डेनवरच प्रयोग झाले, हाडं बिघडण्याशी त्याचा संबंध दिसला नाही. मोठ्यांच्या बऱ्याच खाद्यांत ऊर्जा कमी असते, मग पिल्लाला जास्त घालावं लागतं आणि त्याबरोबर कॅल्शियमही जास्त जातं. 'लार्ज ब्रीड पपी' प्रकारात ते आधीच आवरलेलं असतं. अमेरिकेतल्या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या आफको संस्थेच्या निकषांत प्रौढ वजन ३२ किलोच्या आसपास किंवा पुढे जाणाऱ्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा खाद्याच्या कोरड्या (पाणी वगळून) वजनाच्या १.८ टक्के आहे, इतर पिल्लांना २.५. चुलीजवळचे, बारीक अक्षरात बघायचं ते हे.

उंच भांड्याचं तर उलटंच निघालं. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका जास्त दिसला. दिवसाचं खाणं एकाच वेळी देण्यापेक्षा विभागून द्या.

वंशावळ

आणि रक्ताच्या नात्यात कुणाला पिळा पडला होता का, हे ब्रीडरला विचारा. तोही धोका घराण्यात उतरतो. बघा, फिरून माझ्याकडेच आलात.

कंपाउंडर

जिन्याचं कुणी बोललंच नाही. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्राडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड पिल्लांवर मोठी पाहणी झाली. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्यांत खुब्यांचा धोका वाढलेला आढळला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांत तो कमी होता. म्हणजे कोंडून ठेवू नका, पण तेवढे महिने पायऱ्यांवरून उचलून न्या. उचलता येतंय तोवर.

चुलीजवळचा

जिने मान्य, मोजमापही मान्य. पाकीट अजून मान्य नाही. पशुआहारतज्ज्ञाकडून पिल्लाच्या वयाची आणि अपेक्षित वजनाची पाककृती लिहून घेईन, घटक तोलून घालीन, दर महिन्याला वजन कळवून बदलून घेईन. आता यात काय खोट काढता?

हाडकुळे

काही नाही. फक्त त्या पाककृतीत 'चवीपुरतं' बदलू नका. तज्ज्ञानं दिलेली खनिजांची पूड संपली म्हणून चार दिवस तशीच चालवलीत, तर तीच पाककृती त्या ९५ टक्क्यांत जाऊन बसते.