मदत हवी आहे: एक पेशंट आणि सगळा वॉर्ड भांडायलाय

नाइटड्यूटी: १२ दिवस झाले एक पेशंट आहे. मी असले की जेवते, गोळ्या घेते, सकाळच्या सिस्टर आल्या की ताट ढकलून देते. काल म्हणली तुम्हीच माझ्या, बाकी सगळ्या वैरिणी. आज पाच मिनिटं उशीर झाला तर माझ्यावरच ओरडली, तुम्ही बी तसल्याच. इन्चार्ज म्हणायल्यात तूच लाडावून ठेवलीस. लवकर सांगा, ८ ला ड्यूटी आहे.

परभणीकर: ताई निदान काय? वय? वॉर्ड कोणता? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

बालाघाट: आमच्या आत्याच्या पोरीचं असंच होतं. लग्न लावून दिलं, आता ठीक आहे.

परभणीकर: दादा पेशंट अ‍ॅडमिट आहे, लग्नाचं काय काढलं मधीच.

नाइटड्यूटी: वय २२. फिमेल मेडिकल वॉर्ड. जीव द्यायला गेली होती. मानसोपचारचे सर बघून गेले, केसपेपरवर बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी लिहिलंय.

जुनी_परिचारिका: हे आधी सांगायचं ना बाई. हा आजारच तसाय, तिला माणूस एकतर देव दिसतो नाहीतर दुश्मन, मधलं काही दिसतच नाही. स्प्लिटिंग म्हणतात त्याला. आज तुम्ही देव, इन्चार्ज दुश्मन, आणि तुम्ही दोघी खरंच तसं वागायला लागलात की पोरीचे हाल. आजच इन्चार्जसोबत बसा, जेवण, गोळ्या, भेटायची वेळ, तिन्ही शिफ्टला एकच नियम ठरवा आणि रिपोर्ट बुकात लिहा. ती दुसऱ्या सिस्टरबद्दल वाईट बोलली तर हो म्हणू नका, रागवू बी नका, 'तुम्हाला त्रास झाला दिसतोय, त्यांच्याशीच बोलू' एवढंच.

कयाधू: नाटकं असतात ही. लक्ष देऊ नका, आपोआप बंद होतं.

जुनी_परिचारिका: अजिबात नाही! मरायचं बोलली की दर वेळी खरंच धरायचं. मनात जीव द्यायचं येतंय का असं सरळ विचारायचं, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते घुसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ बी जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस गंभीर ताणात आहे असंच धरून चालतं. आपण नाटक म्हणायचं का मग?

बालाघाट: यावर गोळी नाही का?

जुनी_परिचारिका: खास या आजाराची नाही. डीबीटी नावाची बोलण्याची थेरपी आहे, मार्शा लिनेहान बाईंनी काढलेली.

कयाधू: आपल्याकडं कोण देणार ती? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, जुनी चारही मनोरुग्णालयं मराठवाड्याच्या बाहेर.

परभणीकर: ते खरंय, पण ताईंची ड्यूटी आज रात्री आहे. ताई, अजून काही राहिलंय का सांगायचं?

नाइटड्यूटी: मी माझा मोबाइल नंबर दिलाय तिला. तिसऱ्या दिवशी. माझी सुट्टी असली की रात्री दोन-दोनला फोन येतो, नाही उचलला तर मरते म्हणती. इन्चार्जला माहीत नाही.

जुनी_परिचारिका: मग झोप कशी येणार तुम्हाला. इन्चार्जला आजच सांगा, ओरडल्या तरी. अचानक ब्लॉक करू नका, टाकून दिल्यासारखं वाटतं तिला. ड्यूटीच्या सुरुवातीलाच समोर बसून सांगा की फोन बंद होणार, पण रोज ९ ला १५ मिनिटं मी तुमच्याजवळ बसणार, माझी सुट्टी असली की कोण बसणार ते बी सांगा. आणि ती वेळ चुकवू नका. ती घरी गेल्यावर रात्रीसाठी टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, २४ तास. पहिले काही दिवस ती जास्त चिडेल, सरांना आधी कळवून ठेवा, लक्ष वाढवा.

नाइटड्यूटी: साडेसातलाच जाते. इन्चार्ज असतात तोवर.